बीएसए व्हायलच्या तक्रारीस उत्तर : सिरिंजवरची दहा खूण म्हणजे किती मिलिलिटर?

सप्रेम नमस्कार,

आमच्याकडून घेतलेल्या 10 मि.ग्रॅ. बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनच्या (बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातले प्रथिन) व्हायलबद्दल आपण सविस्तर लिहिलेत, नळ्यांची वाचने दिलीत आणि टेबलाचा फोटोही जोडलात, त्यामुळे नेमके उत्तर देणे शक्य झाले. आपले आक्षेप दोन आहेत. पहिला, व्हायल जवळजवळ रिकामी दिसत होती. दुसरा अधिक गंभीर आहे : ब्रॅडफोर्ड पद्धतीच्या (रंगाच्या गडदपणावरून प्रथिन मोजण्याच्या) प्रात्यक्षिकात आमच्या व्हायलवरून काढलेल्या प्रमाण आलेखावर 80 मायक्रोग्रॅम यायला हवा असलेला, आधीच माहीत प्रथिनाचा पडताळणीचा नमुना 32 आला, म्हणजे आमच्या व्हायलमध्ये लेबलपेक्षा बरीच जास्त पावडर असली पाहिजे आणि लेबल खोटे आहे.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर थोडक्यात देतो. गोठवून सुकवलेली 10 मि.ग्रॅ. पावडर तळाशी पातळ पापुद्र्यासारखी बसते आणि वाहतुकीत कधी बुचालाही चिकटते. म्हणून बूच उघडण्याआधी व्हायल टेबलावर हलकेच ठोकावी आणि पाणी घातल्यावर जोराने न हलवता हळूहळू फिरवावी, कारण फेस झाला की अल्ब्युमिनचा काही भाग त्यात अडकतो. डोळ्यांनी पाहून मिलिग्रॅमचा अंदाज करता येत नाही.

दुसऱ्या आक्षेपासाठी त्याच लॉटमधील राखून ठेवलेल्या व्हायल आम्ही पुन्हा तपासल्या. 1 मि.ग्रॅ. प्रति मि.ली. द्रावणाची ओडी (प्रकाश शोषण्याचे माप) 280 नॅनोमीटरवर, 1 सें.मी. क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक नळीत), साधारण 0.66 यायला हवी आणि ती तशीच आली. आपल्या म्हणण्याप्रमाणे पावडर अडीच पट असती, तर हेच वाचन 1.65 च्या आसपास गेले असते. मग 80 चे 32 का झाले? 80 ला 32 ने भागले की बरोबर 2.5 येतात, आणि चुकीचा आकडा इतका नेटका असला की मी वजनाआधी मापाकडे पाहतो.

आपण 10 मि.ग्रॅ. पावडर 10 मि.ली. पाण्यात विरघळवून 1 मि.ग्रॅ. प्रति मि.ली. संहतीचे द्रावण केलेत, ते अगदी योग्य आहे. पुढे मायक्रोपिपेट उपलब्ध नसल्याने इन्सुलिन सिरिंजने 2, 4, 6, 8 आणि 10 युनिट द्रावण पाच नळ्यांत घेतलेत आणि त्यांना 20, 40, 60, 80 आणि 100 मायक्रोग्रॅम म्हटलेत. एक युनिट म्हणजे 0.01 मि.ली. असेल, तरच हा हिशेब जुळतो, आणि ते फक्त यू-100 (1 मि.ली.मध्ये 100 युनिट) सिरिंजला लागू आहे. आपल्या फोटोतील सिरिंजचे टोपण लाल आहे आणि शेवटची खूण 40 आहे, म्हणजे ती यू-40 आहे. तिच्यात 40 युनिट मिळून 1 मि.ली. होतात, म्हणून एक युनिट 0.025 मि.ली. भरतो. पाच नळ्यांत प्रत्यक्षात 50, 100, 150, 200 आणि 250 मायक्रोग्रॅम प्रथिन गेले. आपली दुसऱ्या नळीची ओडी आमच्या 100 मायक्रोग्रॅमच्या ओडीशी जुळते, आणि त्यापुढे आपला प्रमाण आलेख आडवा होत गेला आहे, कारण इतके प्रथिन असले की प्रथिनाला चिकटणारा मोकळा कुमॅसी रंग कमी पडू लागतो. पडताळणीचा नमुना मात्र आपण काचेच्या पिपेटने बरोबर 0.1 मि.ली. घेतलात, म्हणून त्यातले खरे 80 मायक्रोग्रॅम त्या आलेखावर 32 म्हणून वाचले गेले. तो नमुनाही त्याच सिरिंजने घेतला असता, तर दोन्हीकडे अडीच पट होऊन ही तफावत दिसलीच नसती. पिपेट वापरल्यामुळेच ती उघडी पडली, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

याची खात्री माझ्या शब्दावर करू नका. त्याच सिरिंजने 10 युनिट ऊर्ध्वपातित पाणी ओढून काट्यावरच्या लहान बीकरमध्ये सोडा. वजन 0.1 ग्रॅम भरले तर माझे म्हणणे चुकीचे ठरेल, 0.25 ग्रॅमच्या आसपास भरले तर कारण सापडले. सुई वेगळी काढता येणारी असेल, तर तिच्या बुडख्यात थोडे द्रव उरते, आणि 2 युनिटसारख्या लहान मापात तेवढ्यानेही फरक पडतो, म्हणून मोठ्या मापावर तपासणे बरे. आपल्याकडे मेडिकलमध्ये यू-40 आणि नारिंगी टोपणाची यू-100 अशा दोन्ही सिरिंज मिळतात, आणि नुसते ‘इन्सुलिनची सिरिंज’ असे मागितले तर कोणतीही हाती येऊ शकते. मधुमेहाच्या रुग्णाच्या बाबतीत हीच गफलत थेट औषधाच्या मात्रेत होते, म्हणून मला ती किरकोळ वाटत नाही. प्रयोगवहीत युनिट न लिहिता मिलिलिटर लिहावेत, असा माझा आग्रह आहे.

लेबल खोटे असल्याचा आरोप मी मान्य करू शकत नाही, परंतु विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक वाया गेले हे खरे आहे आणि त्याचे मला वाईट वाटते. प्रात्यक्षिक पुन्हा घेण्यासाठी त्याच लॉटची एक व्हायल, आमच्या तपासणीच्या वाचनांसह, आम्ही विनामूल्य पाठवत आहोत. पाण्याचे वजन आणि नव्या आलेखाची वाचने कृपया येथेच कळवावीत. तफावत तरीही राहिली, तर आपली व्हायल परत मागवून आपल्यासमोर तपासण्याची आणि दोष आमचा निघाल्यास पूर्ण रक्कम परत करण्याची आमची तयारी आहे.