खुलताबादचा रिकामा मकबरा

खुलताबादजवळ सुलीभंजनच्या परिसरात उभ्या असलेल्या एका मकबऱ्याचे छायाचित्र जोडून एक मजकूर सध्या मराठवाड्यात हातोहात फिरतो आहे. तुर्कस्तानचा शेवटचा सुलतान राज्य गेल्यावर निजामाच्या आश्रयाला येऊन राहिला, आपल्या दोन मुली त्याने निजामाच्या दोन मुलांना दिल्या आणि अखेर तो खुलताबादलाच दफन झाला, असे त्यात ठासून सांगितले आहे. मकबरा खरा आहे, लग्नेही झाली. बाकी बहुतेक सारे चूक आहे.

हा मजकूर ज्यांच्याविषयी आहे ते अब्दुलमजीद दुसरे सुलतान कधीच नव्हते. शेवटचे सुलतान त्यांचे चुलतभाऊ सहावे मेहमेद होत. अंकाऱ्याच्या राष्ट्रीय सभेने 1 नोव्हेंबर 1922 रोजी सुलतानपदच रद्द केले आणि त्याच महिन्यात युवराज अब्दुलमजीद यांना, कोणतीही राजसत्ता न देता, केवळ खलिफा, म्हणजे मुस्लिमांचे धर्मप्रमुख, म्हणून निवडले. तेही पद 3 मार्च 1924 रोजी संपले. त्यांचे खरे कर्तृत्व चित्रकलेत होते, आणि या मजकुरात त्याचा उल्लेखही नसावा याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रात पत्नी शहसुवार व्हायोलिन वाजवत आहेत, दालनात बेथोव्हेनचा अर्धपुतळा आहे आणि स्वतः अब्दुलमजीद गणवेशात बसून ऐकत आहेत. तुर्कस्तानच्या उस्मानी राजघराण्याच्या अंतःपुराविषयीच्या आपल्या ठोकळेबाज समजुतींना हे एकच चित्र पुरेसे उत्तर आहे.

‘निजामाच्या आश्रयाला येऊन राहिला’ या वाक्यातला आश्रय खरा, येऊन राहणे खोटे. हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान त्यांना दरमहा 300 पौंड पाठवत असत. पण वनवासातील त्यांचे घर आधी नीस आणि नंतर पॅरिस येथे होते. लग्नेही 1931 मध्ये नीसलाच झाली. निजामाचे थोरले पुत्र आझम जाह यांच्याशी विवाह झालेल्या दुर्रुशहवार या त्यांच्या कन्या. धाकटे मुअज्जम जाह यांच्या पत्नी नीलोफर मात्र आधीचे एक सुलतान पाचवे मुराद यांच्या वंशातल्या, म्हणजे नात्यातल्या, मुलगी नव्हे.

दफनाच्या दाव्याला मकबऱ्याचाच पुरावा दिला जातो, आणि तो वरवर पटतोही. औरंगजेब आणि पहिले निजाम ज्या भूमीत विसावले, तेथे व्याह्यासाठीही जागा असावी, हा मकबऱ्यामागचा निजामाचा विचार समजण्यासारखा आहे. परंतु अब्दुलमजीद 23 ऑगस्ट 1944 रोजी पॅरिसमध्ये वारले. तुर्कस्तानने दफनाला परवानगी दिली नाही, म्हणून त्यांचे पार्थिव सुमारे दहा वर्षे पॅरिसच्या मशिदीत ठेवलेले होते. त्याच काळात, सप्टेंबर 1948 मध्ये, खुलताबाद ज्यात होते ते हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. अखेर 1954 मध्ये दफन झाले ते मदिनेत. खुलताबादच्या मकबऱ्यात कोणीही नाही, आणि पर्यटकांना तो दाखवणाऱ्यांनी हे स्पष्ट सांगितले पाहिजे.