दोन सह्यांच्या मधली गाडी

यंदा ईदला हर्णैला घरी गेलो आणि शीरखुर्म्याची वाटी हातात पडायच्या आधी वाद पुढ्यात आला. चाचांचं म्हणणं, भांडवलशाहीने जगाची वाट लावली, उतारा एकच, बिनव्याजी इस्लामी बँक. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने भारतातही अशा बँकिंगला वाव द्यावा असं सुचवलं होतं; २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय गुंडाळला. चाचा ते अजून विसरलेले नाहीत. माझा भाचा कॉमर्स शिकून मासेमारीच्या बोटीवर जातो. तो म्हणाला, "तीसुद्धा भांडवलशाहीच, फक्त टोपी घातलेली." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ११ वर्षं दुबईत एका इस्लामी बँकेत गाड्यांच्या कर्जाचे कागद करतो. कर्ज म्हणायचं नाही खरं तर, फायनान्स म्हणायचं.

कागद कसा होतो ते सांगतो. ६०,००० दिर्हमची गाडी. बँक पैसे उसने देत नाही. शोरूमकडून गाडी स्वतः विकत घेते आणि नफा लावून तुम्हाला हप्त्याने विकते. याला मुराबहा म्हणतात. वर्षाला ३ टक्के धरून ५ वर्षांचा नफा ९,०००, एकूण ६९,०००, महिन्याला १,१५०. शेजारच्या साध्या बँकेत हप्ता याच्या आसपासच बसतो. मग फरक काय? या कागदावरची सही आणि त्या कागदावरची सही, यांच्या मधली काही मिनिटं गाडी बँकेची असते. तेवढ्यात शोरूमला आग लागली तर नुकसान बँकेचं. माझ्या ११ वर्षांत एकदाही आग लागलेली नाही.

घर घेताना बँक घर स्वतः घेऊन तुम्हाला भाड्याने देते, आणि ते भाडं बहुतेक वेळा अमिरातीतल्या बँकांच्या आपसातल्या व्याजदराला बांधलेलं असतं. व्याज नको, पण मोजपट्टी त्याचीच. रोख हवी असेल तर आणखी गंमत: बँक तुम्हाला धातू उधारीवर विकते आणि तुमच्याच वतीने लगेच दुसऱ्याला रोखीत विकून टाकते. तुम्ही तो धातू डोळ्यांनी बघतही नाही. हा तवर्रुक. अशा ठरवून केलेल्या तवर्रुकला इस्लामी कायद्याच्या जाणकारांच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने २००९ मध्ये नाजायज ठरवलं, तेही शारजाच्या बैठकीत, म्हणजे आमच्या अगदी शेजारी. धंदा आजही चालू आहे.

पण भाचा म्हणतो तेवढं हे पोकळही नाही. हप्ता चुकला तर दंड बँकेच्या खिशात जात नाही, दानात जातो. थकलेल्या रकमेवर रक्कम चढत नाही. सावकाराच्या चक्रवाढीत ज्यांची आंब्याची कलमं गेली त्यांना विचारा, हा फरक केवढा ते. आणि चाचांनी हे लक्षात घ्यावं की खाजगी मालमत्ता, व्यापार, नफा यांना शरियतचा विरोध कधीच नव्हता. पैगंबर स्वतः व्यापारी; महागाईत लोकांनी भाव बांधून मागितले तर त्यांनी नकार दिल्याची हदीस, म्हणजे त्यांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, आहे. मनाई आहे ती जोखीम न घेता पैशावर पैसा कमवायला, आणि अंधारातल्या सौद्याला.

अंधारातला सौदा बघायला दुबईला यायला नको. फळ नीट धरल्याचं दिसेपर्यंत झाडावर विकू नये, अशीही हदीस आहे. आमची बाग अब्बा मोहोरावरच देऊन टाकतात. पैसे आधी हातात, मग तुडतुडा पडो की अवकाळी, घेणारा बघेल. अब्बा पाच वेळचे नमाजी. पीक यायच्या आधी पैसे देण्याला 'सलम' म्हणून परवानगी आहे, पण माल किती, कसला, केव्हा आणि कोणत्या भावाने, हे आधी ठरवून. वाशीचा दलाल उचल देतो ती तशी नव्हे: पेटी त्यालाच पाठवायची, आणि भाव पेटी पोचल्यावर कळणार.

इस्लामी बँकेची मूळ कल्पना भागीदारीची होती. १९६३ मध्ये इजिप्तच्या मित घम्रमध्ये सुरू झालेली बचत बँक शेतकऱ्या-कारागिरांसाठी होती. दुबई इस्लामिक बँक १९७५ ची. पुढे बँका मोठ्या झाल्या, भागीदारी कोपऱ्यात गेली आणि मुराबहा पुढे आला, कारण भागीदाराला तोटाही सोसावा लागतो. आमच्या बोटींवर ही भागीदारी कुणी न शिकवता चालायची. डिझेल, बर्फ, रेशन वजा जाता उरेल त्याचे वाटे: बोटीचा, जाळ्याचा, बोट चालवणाऱ्या तांडेलाचा, खलाशांचा. बोट रिकामी आली तर सगळेच रिकामे. आता कितीतरी बोटींवर खलाशी नेपाळहून येतात, पगार ठरवून, आगाऊ घेऊन.

निघायच्या आदल्या रात्री भाच्याने मुद्द्याला हात घातला. इंजिनाच्या छोट्या होडीसाठी त्याला ३ लाख हवे होते.

"मामू, व्याज तुम्ही घेणार नाही. मग वाटा घ्या."

"आणि बुडालं तर?"

"तर तुमचंही बुडालं."

२०२० चं निसर्ग वादळ मला आठवलं. मी म्हटलं, त्यापेक्षा महिन्याला ५,००० परत कर, वर एक पैसा नको.

"जून-जुलैच्या मासेमारी बंदीतही?"

मी काही बोललो नाही. तो हसला आणि वहीच्या पानावर करार लिहून दिला, वाट्याचाच. खाली त्याची सही आहे. ते पान इथे दुबईत माझ्या टेबलाच्या खणात पडलंय. दुसरी सही अजून व्हायची आहे.