‘एका दिवसाचे काम मुद्दाम दोन दिवस लांबवले’ या अभिप्रायास गॅरेजमालकाचे उत्तर

माननीय ग्राहक महोदय,

आपला अभिप्राय वाचला. जुन्या सेडानचे ब्रेक अधिक सक्षम करून घेण्यासाठी आपण विश्वासाने गाडी आमच्याकडे सोपवलीत आणि त्यात आपल्याला मनस्ताप झाला, याबद्दल मी क्षमा मागतो. घरात एकच गाडी असताना ती एक दिवस जास्त अडकून पडली की कुटुंबाची किती ओढाताण होते, याची मला कल्पना आहे.

आपण लिहिले आहे की आम्ही काम मुद्दाम लांबवले, आपण आणलेल्या मोठ्या डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या) न बसवता आमच्याकडचा माल माथी मारला, आणि एवढे होऊनही आठवड्याभरात ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरू लागले. यातील पहिला आरोप मला सर्वाधिक लागला आहे, कारण कामाच्या दर्जाबद्दल मतभेद होऊ शकतात, परंतु मुद्दाम वेळ काढणे ही अप्रामाणिकपणाची गोष्ट आहे, आणि आमचे गॅरेज एका ग्राहकाने दुसऱ्याला दिलेल्या शब्दावरच चालते.

एक दिवसाचा अंदाज आम्ही चाके उतरवण्यापूर्वी दिला होता. चाके उतरल्यावर दिसले की पुढच्या डाव्या बाजूचा आतला पॅड जवळजवळ पत्र्यापर्यंत झिजला होता आणि बाहेरचा निम्म्याहून जास्त शिल्लक होता. कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारा भाग, त्याच्या स्लाइड पिनांवर मोकळेपणाने सरकत नसला की असेच होते: पिस्टनकडचा पॅड एकटा राबतो आणि समोरचा नुसता सोबत करतो. अशा कॅलिपरवर कितीही चांगले पॅड चढवले तरी तेही त्याच रीतीने झिजतील, म्हणून पिना काढून, साफ करून, रबरी बूट बदलून आणि ब्रेकसाठीचे ग्रीस लावून त्या पुन्हा बसवाव्या लागल्या. हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाच्या, ज्या तोंडावर डिस्क टेकते तेथे गंजाचे पापुद्रे होते. तेथे राहिलेला कागदाइतका गंजही डिस्कच्या कडेशी वाढून दिसतो आणि डिस्क डोलू लागते. बहुतेक गाड्यांत हे डोलणे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत, शक्यतो त्याच्या निम्म्यावर ठेवावे लागते. ते डोळ्यांना दिसत नाही, डायल गेज लावूनच मोजावे लागते, आणि आम्ही ते दोन्ही बाजूंना मोजले.

खरा वेळ मात्र एका ब्लीडिंग निपलने, म्हणजे जुने ब्रेक ऑइल आणि हवा बाहेर काढण्याच्या छोट्या झडपेने, घेतला. तो गंजून कॅलिपरमध्ये घट्ट बसला होता. पान्याने जोर लावला असता तर तो मुळातून तुटला असता आणि मग पूर्ण कॅलिपर बदलण्याचा खर्च आपल्यावर पडला असता. म्हणून गंज सोडवणारे तेल टाकून तो रात्रभर तसाच ठेवला, आणि सकाळी तो अलगद सुटला. तो न उघडता वरवर ब्लीडिंग उरकून त्याच संध्याकाळी किल्ली देता आली असती, परंतु जुने ऑइल आत राहिले असते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ते आत उकळले की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जाते. कुटुंब बसणाऱ्या गाडीत ही जोखीम मी घेतली नाही आणि पुढेही घेणार नाही. हे सर्व आपल्याला त्याच दुपारी दूरध्वनीवर सांगितले होते, आणि तेव्हा आपण ‘करायचे ते नीट करा’ असेच म्हणाला होता. अभिप्रायात त्या बोलण्याचा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटले.

मोठ्या डिस्कबद्दल थोडक्यात सांगतो. त्यांच्यासोबतचा कॅलिपर आपल्या रिमच्या आतल्या बाजूला घासत होता, आणि हे चाक हाताने फिरवून आपल्याला दाखवले होते. रिम बदलले असते तरी मोठ्या पिस्टनना जास्त ऑइल लागते, त्यामुळे पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणाऱ्या मूळ मास्टर सिलिंडरवर पेडल खोल गेले असते. शिवाय गाडीला एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसल्याने, पुढचे ब्रेक प्रमाणाबाहेर जोरदार झाले की ओल्या रस्त्यावर पुढची चाके आधी जाम होतात. म्हणून मूळ मापाच्या नव्या डिस्क, जास्त उष्णता सोसणारे पॅड आणि दाबाखाली न फुगणारे, स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या) लावले आणि मागच्या ड्रमचे शू नीट लावून घेतले. आपल्या डिस्क आम्ही खोक्यासह परत केल्या आहेत.

आता थरथरीबद्दल. नव्या पॅडचा एक पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसावा लागतो. त्यासाठी ताशी साठ किलोमीटरच्या आसपासच्या वेगावरून दहापर्यंत, गाडी पूर्ण न थांबवता, आठ-दहा वेळा बेताने ब्रेक लावायचे आणि नंतर ब्रेक न वापरता काही अंतर चालवून ते थंड होऊ द्यायचे असतात. आमचा कारागीर याच फेरीसाठी निघत असताना आपण ‘ते मी करून घेईन’ म्हणून किल्ली घेतलीत. आपल्याच लिहिण्यानुसार दुसऱ्या दिवशी पाच माणसे आणि सामान घेऊन गाडी लांबच्या उतारावरून उतरली, ब्रेकचा वास आला आणि खाली रहदारीत आपण बराच वेळ पेडल दाबून उभे होता. तापलेला पॅड एकाच जागी दाबून राहिला की तेथे जाड ठसा उमटतो आणि नंतर स्टिअरिंग थरथरते. आपल्याला कमी लेखण्याचा यात हेतू नाही, परंतु ही हकिकत वगळून संपूर्ण दोष आमच्या कामावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही.

यापुढे अशा सूचना तोंडी न देता लिहून देण्याची व्यवस्था करत आहोत, आणि वेळेचा अंदाज सांगतानाही अधिक काळजी घेऊ.

कृपया गाडी एकदा घेऊन या, शक्यतो सकाळी, ब्रेक थंड असताना. डायल गेज आपल्यासमोर लावू. ठसाच असेल तर ती फेरी आम्ही स्वतः करून देऊ. डिस्क किंवा हबची बसवणूक वाकडी निघाली, तर दुरुस्ती आमच्या खर्चाने होईल. तोपर्यंत उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, आणि पेडल मऊ लागले किंवा खोल जाऊ लागले तर गाडी अजिबात चालवू नये. आम्हाला कळवावे, आमचा माणूस गाडीपाशी येईल.

आपला नम्र,
गॅरेजमालक