पपायरस जपून ठेवला, पण वाचला कुणी?

२०१२ साली ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड म्युझियममध्ये ममींचं प्रदर्शन होतं. त्यासाठी ब्रिटिश म्युझियमचे इजिप्ततज्ज्ञ जॉन टेलर तिथे आले होते. म्युझियमच्या स्वतःच्या संग्रहातला पपायरसचा, म्हणजे प्राचीन इजिप्तमधल्या वनस्पतीपासून केलेल्या कागदाचा, एक तुकडा त्यांनी पाहिला. त्यावर नाव होतं अमेनहोतेप. (हा राजा नव्हे. या नावाचे फेरोही झाले, पण हा इजिप्तमधल्या कर्नाकच्या अमून देवाच्या मंदिराचा मुख्य बांधकाम अधिकारी.) असं आणखी काही आहे का, असं टेलरनी विचारलं आणि भांडारातून सुमारे १०० तुकडे बाहेर आले! जवळपास ३५०० वर्षांपूर्वीच्या 'मृतांच्या ग्रंथा'चे हे तुकडे शंभरेक वर्षं तिथेच होते.

सगळ्यांना या योगायोगाचा आनंद झाला. मला त्याचीच धास्ती वाटते. टेलर आलेच नसते तर?

हा ग्रंथ म्हणजे परलोकाच्या वाटेवर लागणारे मंत्र. ऐपतीप्रमाणे ते गुंडाळीवर लिहून घ्यायचे आणि ती गुंडाळी मृतासोबत पुरायची. १२५व्या मंत्रात मृत माणूस ४२ देवांपुढे उभा राहून सांगतो, मी चोरी केली नाही, मी कुणाला मारलं नाही. मग त्याचं हृदय तराजूत सत्याची देवी मात हिच्या पिसासमोर तोललं जातं. त्यात खोट निघाली तर मगरीच्या तोंडाची राक्षसी अम्मित ते गिळून टाकते. या सगळ्यात मृताचं नाव पुन्हापुन्हा येतं. तयार गुंडाळ्यांत तर नावापुरती जागा कोरी सोडलेली असे. नाव राहिलं तर माणूस राहतो, ही त्यांची श्रद्धा. आणि तेच नाव शतकभर कुणी वाचलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

याच गुंडाळीचे बाकीचे भाग लंडन, न्यूयॉर्क आणि बॉस्टनमध्ये आहेत. एकोणिसाव्या शतकात इजिप्तमधून पुराणवस्तू अशाच विकल्या गेल्या, तोडल्या गेल्या. अनी नावाच्या लेखनिकाचा प्रसिद्ध पपायरस, तोही मृतांचा ग्रंथच, १८८८ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या वॉलिस बज यांनी मिळवला आणि त्याचेही कापून ३७ तुकडे केले गेले.

प्रत्येक म्युझियमला इजिप्ततज्ज्ञ नेमणं परवडणार नाही, हे मान्य. पण फोटो काढायला चित्रलिपी यावी लागत नाही. भांडारातल्या प्रत्येक तुकड्याचा फोटो, माप, तो कुणाकडून कधी आला याची नोंद, एवढं इंटरनेटवर टाकलं तर लंडनमधला अभ्यासक घरबसल्या ओळखेल. नव्या दालनाला देणगीदार मिळतात, नोंदींच्या कामाला मिळत नाहीत. माझ्या हातात असतं तर एक दालन कमी बांधून आधी हे काम पुरं केलं असतं.