तगर, टाकुमार आणि तुमचा स्लायडर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया उडवता आली असती, ठेवली आहे. तगरीच्या फोटोंवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “पांढऱ्या फुलाला एक्स्पोजर वाढवायला सांगणं म्हणजे पाकळ्या जाळायला सांगणं. जुन्या लेन्सचा कॉन्ट्रास्ट मेलेलाच असतो, स्लायडर ओढला की झालं. लेन्स पिवळी पडलीय हेही दिसलं नाही? हूडही ५२चा नाही, ४९चा लागतो. ज्याला मीटर वाचता येत नाही त्याने शिकवण्या घेऊ नयेत.”

हूडचं, म्हणजे लेन्सच्या तोंडावरच्या आडोशाचं, तुमचं बरोबर. माझ्या जुन्या सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ लेन्सला ४९ मिमीचाच बसतो, दुरुस्त केलंय. शेवटचं वाक्य मात्र जरा लागलं. सुईचा मीटर बघत फिल्म वापरण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. मुद्दा खोडायचा तर खुशाल खोडा, पण हा सूर कशासाठी?

आता ‘जाळण्या’चं. मीटरला फूल कळत नाही, नुसता उजेड कळतो. समोर येईल ते तो मधल्या करड्यावर नेऊन बसवतो. फ्रेम तगरीने भरलेली असताना एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या मापावर आपण केलेली वाढ-घट) शून्यावर ठेवलंत, तर पाकळी नीळ न दिलेल्या धोतरासारखी मळकट येणार. पांढरी पाकळी त्या करड्यापेक्षा साधारण २ स्टॉप उजळ असते (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). मी +२ नाही, +१.३ लिहिलं होतं. उरलेला पाऊण स्टॉप पाकळीवरच्या शिरांसाठी राखून. फूल लहान आणि मागे गर्द झुडूप असेल तर उलट −१ लागतो, हेही लेखात आहे. तिथवर वाचलंत का, हा प्रश्नच आहे.

जुन्या लेन्सचा कॉन्ट्रास्ट मेलेला वगैरे नसतो. या टाकुमारवर एकपदरी कोटिंग, म्हणजे काचेवरची चकाकी कमी करणारा एकच थर आहे. मागून आकाशाचा उजेड आला की तो काचांमध्ये इकडून तिकडे आपटत सगळ्या फ्रेमवर पातळ ताकासारखा पसरतो. काळ्यात तेवढी भर लगेच डोळ्यांवर येते, पांढऱ्यात कळतही नाही. म्हणजे बिघाड तळाशी आहे. कॉन्ट्रास्टचा स्लायडर मात्र मधल्या टोनला खुंटी मानून दोन्ही टोकं ताणतो: काळं खाली जातं आणि त्याच झटक्यात पाकळी वर. ० काळा आणि २५५ पांढरा धरला, तर २३५वर असलेली शीर २५०च्या पुढे गेली की गेली. पाकळ्या जाळतो तो तुमचा स्लायडर, माझा +१.३ नव्हे.

त्याऐवजी हे करा. हूड लावा. लेन्सवरचा ए-एम (ऑटो-मॅन्युअल) खटका एमवर आणा, नाहीतर साध्या अ‍ॅडॅप्टरवर अ‍ॅपर्चर उघडंच राहतं. एफ/४ ठेवा, एफ/१.४ला पाकळीच्या कडेभोवती जो धुरकट उजेड येतो तो नंतर कशानेच जात नाही. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. संगणकावर कर्व्हचं, म्हणजे गडद-उजळ टोनच्या आलेखरेषेचं, डावीकडचं खालचं टोक तळाच्या रेषेवरूनच उजवीकडे सरकवा, पानांआडची सगळ्यात गडद फट १०-१२वर येईपर्यंत. उजवं वरचं टोक हलवायचं नाही. मग पाऊण उंचीवर एक बिंदू धरून किंचित खाली दाबा. त्याच्या वरचा कर्व्ह उभा होतो आणि पाकळीच्या शिरा उमटतात. इथे हात जड झाला तर फूल पुन्हा करडं, म्हणून किंचितच.

पिवळेपणावर फार बोलायचं नाही. सात भिंगांच्या या टाकुमारमध्ये थोरियमची काच आहे, ती वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते. अतिनील एलईडीखाली काही दिवस ठेवली की बरीच उतरते. तोवर करड्या कार्डावरून व्हाइट बॅलन्स घ्यायचा, पाकळीवरून नाही. पाकळीच्या सावलीत पानांवरून आलेला हिरवा उजेड असतो. नेमकं तिथे क्लिक केलंत तर बाकीचं फूल जांभळट होतं. दिसलं नव्हतं असं नाही, लेखाचा विषय तो नव्हता.

मूळ रॉ फाइल लेखाखाली ठेवली आहे. तुमच्या पद्धतीने स्लायडर ओढा, मधल्या पाकळीचे आकडे बघा आणि इथेच लिहा. मीटर वाचायचा नाहीये, नुसते आकडे वाचायचेत.