पाली-जपानी शिकून पोट भरत नाही म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की आमच्या भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. गावच्या ग्रुपवर, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर, एवढंच काय, धान खरेदीच्या ग्रुपवरसुद्धा तो मला सापडला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पाली, बौद्ध अध्ययन, चिनी, जपानी, कोरियन असल्या विषयांत पोरं घालू नका. त्यांना नोकरी नाही. पाली हा एकाच समाजाचा विषय. चिनी ही शत्रूची भाषा. भाषांतर आता मोबाइल करतो. इंग्रजीत काठावर पास होणारं पोरगं जपानी काय शिकणार? हे सगळे पुण्या-मुंबईच्या पैसेवाल्यांचे चोचले, आणि जपानला पाठवतो म्हणणारे एजंट लुटारू. शेवटी जोडलेले हात आणि दहा जणांना पाठवण्याची विनंती.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात पाली शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. त्यामुळे नोकरीच्या मुद्द्यावर साक्ष द्यायला माझ्याइतका लायक माणूस शोधून सापडायचा नाही.

तर आधी नोकरीच घेऊ. नुसतं एम.ए. पाली केलं, नेट काढली आणि सहायक प्राध्यापकाच्या जागेची वाट बघत बसलं, तर मेसेज खरा ठरतो. जागा निघत नाहीत, निघाल्या की अर्जांचा ढीग पडतो. पूर्वी यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत पाली साहित्य हा वैकल्पिक विषय होता आणि त्या आशेनं कितीतरी पोरं या विषयाकडे वळायची. २०१३ मध्ये आयोगानं तो काढून टाकला. अजूनही पहिल्या वर्षाला एखादा मुलगा तीच आशा धरून येतो आणि पहिल्याच आठवड्यात ती मला मोडावी लागते. इथवर मेसेजवाल्याचं आणि माझं एकमत आहे.

पण मग त्याच गावातले बी.एड. करून घरी बसलेले, इंजिनीअर होऊन पुण्यात खोलीचं भाडं घरून मागवणारे, हे कुठल्या हिशेबात धरायचे? त्यांच्यासाठी कुणी मेसेज लिहीत नाही. नुसती पदवी कुठल्याच विषयाची भाकर देत नाही. भाषेच्या बाबतीत विचारलं जातं ते दुसरंच: तुझी पातळी कोणती, आणि भाषेशिवाय हातात काम कोणतं?

पाली वाचता येणाऱ्याला प्राध्यापकीशिवाय वाट आहे, आणि तिची सुरुवात आमच्या अंगणातच होते. आमच्याच जिल्ह्यातल्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं आणि खालून स्तूप निघाला. तिथल्या एका शिल्पात फणा काढलेला नाग आहे आणि सोबत ब्राह्मीत त्याचं नाव कोरलेलं आहे. हा मुचलिंद, बुद्धावर फणा धरणारा नागराजा. वर्गात मी आधी अक्षरं फळ्यावर काढून देतो. न म्हणजे उभी रेघ आणि तिच्या पायाशी आडवी रेघ. ग म्हणजे वर टोकाला मिळालेल्या दोन तिरप्या रेघा. म म्हणजे खाली गोल, वर दोन शिंगं. मग फोटो हातात देतो आणि गप्प बसतो. काही मिनिटांत मागच्या बाकावरून कुणीतरी ‘नाग’ एवढं ओरडतंच. ही टेकडी त्या पोरानं बांधावरून जाता-येता शंभरदा पाहिलेली असते. तिच्यावरचं दोन हजार वर्षांपूर्वीचं अक्षर वाचता येणं हीसुद्धा कमाई आहे. पण मेसेजवाल्याला पगार हवा, म्हणून पुढचं सांगतो.

ग्रेटर नोएडाला पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्था आहे. तिच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर डिप्लोमाला इतिहास-पुरातत्त्वाच्या पोरांबरोबर पाली, प्राकृत, संस्कृत, अरबी, फारसीचे एम.ए.वालेही पात्र असतात, आणि शिकताना विद्यावेतन मिळतं. जागा मोजक्याच, स्पर्धा देशभरातली. शिलालेख वाचणं हे तर सरकारी खात्यातलं पगारी पद आहे. पुरातत्त्व खात्याची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा कुठे आहे? दिल्लीत नाही, हैदराबादेतही नाही, आपल्या नागपुरात आहे. अकोल्याकडच्या नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजाखाली उभं राहून सेल्फी काढणाऱ्यांनी कधीतरी त्याच दरवाजावरचा अरबी लिपीतला लेखही पाहावा. आशियाचा अभ्यास म्हणजे फक्त बुद्ध आणि जपान, अशी समजूत असेल तर ती तिथेच गळून पडेल.

‘एकाच समाजाचा विषय’ हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो. १९५६ नंतर दीक्षाभूमीमुळे पाली आमच्याकडे घराघरात पोचली, याचा अभिमानच आहे. पण विषय कुणा एकाच्या सातबाऱ्यावर नसतो. धर्मानंद कोसंबी गोव्याचे. पाली शिकायची म्हणून घर सोडून श्रीलंकेत गेले, भिक्षू झाले, ब्रह्मदेशात राहिले. हातात विद्यापीठाची पदवी नव्हती, तरी १९१२ पासून फर्ग्युसनमध्ये त्यांनी पाली शिकवली, हार्वर्डनं बोलावून घेतलं, लेनिनग्राडलाही शिकवून आले. १९४७ च्या जूनमध्ये त्यांनी देह ठेवला तो सेवाग्रामला, म्हणजे वर्ध्याच्या वेशीवर. तरी कोसंबी कोण म्हणून विचारलं तर आमच्याकडची पोरं माझ्याकडे बघत राहतात. आणखी मागे जायचं तर वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम. तिथल्या वाकाटक राजाच्या, हरिषेणाच्या, वराहदेव नावाच्या प्रधानानं अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं खोदवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा आपण पेढे वाटले. त्याच निर्णयात पाली आणि प्राकृतही होत्या, हे पेढे खाताना कुणाच्या लक्षात आलं नाही.

चिनी शत्रूची भाषा, यावर फार शाई खर्चायची गरज नाही. शत्रू काय बोलतो ते कळायला नको का? आपल्याकडची माणसं नागद्वारच्या यात्रेला पचमढीला जातात, त्याच पचमढीत लष्कराच्या शिक्षण कोअरचं केंद्र आहे आणि तिथे जवान-अधिकाऱ्यांना परदेशी भाषा शिकवतात, चिनीसुद्धा. प्रादेशिक सेनेनं २०२३ मध्ये मँडरिन जाणणारे लोक मुद्दाम भरती करून घेतले. परराष्ट्र सेवेत गेलेल्या प्रत्येकाला एक परदेशी भाषा सक्तीनं शिकावी लागते. आणि १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला जे पाच भारतीय डॉक्टर गेले, त्यांतले सोलापूरचे कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत, नागपूरचे डॉ. चोळकर आपणच विसरलो.

मोबाइलचा मुद्दा अर्धा खरा आहे. पानामागे पैसे घेऊन साधी कागदपत्रं भाषांतरित करण्याचं काम कमी होणार, होतंच आहे. पण जपानच्या व्हिसाचे नियम मोबाइलला विचारत नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात ‘विशिष्ट कुशल कामगार’ व्यवस्थेचा करार झाला. त्यातून जायचं तर त्या कामाची कौशल्य परीक्षा आणि जपानीची परीक्षा, दोन्ही द्याव्या लागतात. भाषेची किमान पातळी म्हणजे जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची एन-४ पायरी, किंवा जेएफटी-बेसिक ही दुसरी परीक्षा. वृद्धांच्या शुश्रूषेच्या कामाला त्यावर आणखी एक, शुश्रूषेच्या जपानीची वेगळी परीक्षा. साहजिकच आहे. ऐंशी वर्षांची आजी रात्री दोन वाजता कण्हत असेल तर खिशातून फोन काढून कुठली भाषा निवडू म्हणून बघत बसता येत नाही. ऑगस्ट २०२५ च्या भारत-जपान आराखड्यात पुढच्या पाच वर्षांत भारतातून ५०,००० कुशल माणसं जपानला जावीत असं उद्दिष्ट ठेवलं आहे. आमच्याकडे एएनएम-जीएनएम हे नर्सिंगचे कोर्स झालेल्या मुली गावोगावी आहेत. भाषा अधिक हातातलं काम म्हणतो ते हेच. या व्यवस्थेच्या पहिल्या टप्प्यात एकूण पाचच वर्षं राहता येतं आणि कुटुंब सोबत नेता येत नाही, हेही जाण्याआधी नीट समजून घ्यावं. कुणी सांगत नाही म्हणून इथे लिहून ठेवतो.

आता इंग्रजी. मागे एक बाप पोरीला घेऊन कॉलेजात आले होते. मला म्हणाले, “सर, पोरगी म्हन्ते जपानी शिकतो. इंग्रजीत काठावर पास हाय. जमते का तिले?” पोरगी खाली मान घालून बसलेली. जपानी शिकवणारा माझा एक मित्र योगायोगानं तिथेच होता. त्यानं तिला विचारलं, नागपूरला जातेस हे कसं सांगशील? ती म्हणाली, “मी नागपूरले जातो.” त्यानं कागदावर लिहून दिलं: वाताशी वा नागपूर नी इकिमास. कर्ता आधी, गाव मधे, क्रियापद शेवटी. आपला ‘ले’ गावाच्या नावामागून लागतो, त्यांचा ‘नी’ही तसाच लागतो. शिवाय आमच्याकडे बाई-माणूस दोघंही ‘जातो’च म्हणतात, आणि जपानी क्रियापदही बाई-पुरुष बघत नाही. पोरगी हसली. बाप हसले नाहीत, पण फीची तारीख विचारून गेले.

वाक्यरचनेच्या बाबतीत मराठी पोराला जपानी आणि कोरियन या इंग्रजीपेक्षा जवळच्या आहेत, हे शिकवणारे सगळेच सांगतील. कोरियनची लिपी तर पंधराव्या शतकात सेजोंग राजानं सामान्य माणसाला वाचता यावं म्हणूनच करवली. आज तिच्यात मूलभूत अक्षरं २४. कष्ट पडतात ते चिनी-जपानीच्या चित्राक्षरांना. तिथे पाठांतराला पर्याय नाही, रोज लिहून लिहूनच बोटांत येतात. ज्यानं हे तीन महिन्यांत होईल असं सांगितलं त्याच्या क्लासला जाऊ नये. मेसेजनं इंग्रजीची भीती घातली की सगळ्यात आधी घरात बसतात त्या मुली. मुलाला निदान ‘बघ करून’ असं म्हणतात.

पैसेवाल्यांचे चोचले? वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात चिनी-जपानीसारख्या भाषांचे अभ्यासक्रम चालत आले आहेत, बौद्ध अध्ययनाचं केंद्रही आहे. त्याला नाव आहे भदंत आनंद कौसल्यायनांचं. नागपूर विद्यापीठात पाली-प्राकृत विभाग आहे, रामटेकला संस्कृत विद्यापीठ. दिल्लीच्या जेएनयूत बारावीनंतर जपानी, चिनी, कोरियन, अरबी, फारसीची बी.ए. ऑनर्स होते, २०२२ पासून प्रवेश सीयूईटी या देशभरच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून, आणि तिथलं वर्षाचं शिक्षणशुल्क शेकड्यांत मोजायचं. आपल्या कॉन्व्हेंटच्या केजीची फी त्याहून कितीतरी जास्त असते. जपान सरकारच्या मेक्स्ट आणि कोरियाच्या जीकेएस या शिष्यवृत्त्यांत फी, विमानभाडं, महिन्याचा खर्च सगळं येतं. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा.

पैशाची खरी अडचण वेगळीकडेच आहे आणि मेसेजवाल्याला तिचा पत्ताही नाही. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ मध्ये एक ओळ आली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचं सामाजिक संशोधन असे विषय यात बसणार नाहीत. म्हणजे पवनीच्या स्तूपावर परदेशातल्या विद्यापीठात संशोधन करू म्हणणारी पोरगी त्या नियमानं बाहेर, आणि विषय जपानचा किंवा थायलंडचा घेतला तर निदान या ओळीची आडकाठी नाही. भांडायचंच असेल तर असल्या नियमांवर भांडू, मीही येतो सोबत.

राहिले एजंट. इथे मेसेजवाल्याशी माझा वाद नाही, फक्त त्यानं इलाज सांगितला नाही. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते आणि नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. अशा एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं, आणि त्याची पावती द्यावी लागते. तालुक्याला बॅनर लावून दोन-तीन लाख मागणारा कुणी भेटला तर आधी नोंदणी क्रमांक मागा आणि तो क्रमांक घरी येऊन स्वतः तपासा. वावर गहाण ठेवण्याची गोष्ट त्यानंतरही काढू नका.