‘जो बाप सोडून गेला, त्याची सही कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमचा राग पोचला. तुमचं म्हणणं असं: जो माणूस सहा वर्षांत मुलीला भेटला नाही, पोटगीचा रुपया देत नाही, मुलीला सावत्र वडिलांना दत्तक देताना त्याच्या संमतीचं महत्त्व सांगून तुम्ही आयांना उगाच घाबरवता, आमच्या ओळखीत नोटरीकडे पाचशेच्या स्टँपवर दत्तकपत्र झालं, शाळेत सावत्र वडिलांचं नावही लागलं.

त्या माणसाची बाजू मी घेत नाही. पण नोटरीच्या त्या कागदावर विसंबू नका, एवढं कळकळीने सांगते.

हिंदू दत्तक व पोटगी कायदा, 1956 च्या कलम 9 नुसार आईला मूल दत्तक देता येतं, पण वडील हयात असतील तर त्यांच्या संमतीने. अपवाद तीनच: वडिलांनी कायमचा संन्यास घेतला, ते हिंदू राहिले नाहीत, किंवा न्यायालयाने त्यांना मनोविकल ठरवलं. सोडून जाणं किंवा पोटगी बुडवणं त्यात नाही. घटस्फोटात ताबा आईला मिळाला तरी ही अट सुटत नाही. मला स्वतःला हा कायदा आयांवर अन्याय करणारा वाटतो. तरीही तो आज आहे, आणि कलम 5 म्हणतं की अवैध दत्तकाने नव्या घरात कोणताही हक्क मिळत नाही. सावत्र वडील मृत्युपत्र न करता गेले आणि त्यांच्या भावाने हरकत घेतली, की शाळेचा दाखला कामी येत नाही. सावत्र मूल वारसा कायद्याने त्यांचं वारस नसतंच. सगळी भिस्त त्या दत्तकावर, आणि तेच कोर्टात टिकत नाही.

या कायद्यात आणखीही अटी आहेत. मूल 15 वर्षांखालचं हवं. सावत्र वडील मुलगी दत्तक घेत असतील तर वयात किमान 21 वर्षांचं अंतर हवं. मुलगा घ्यायचा असेल आणि त्यांना पहिल्या लग्नाचा मुलगा असेल तर दत्तक होत नाही. हे शेवटचं अनेकांच्या लक्षातच येत नाही.

दुसरा रस्ता ‘कारा’चा, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचा. आई आणि सावत्र वडील दोघांनी त्यांच्या ‘केअरिंग्ज’ या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करायची. धर्माची अट नाही, मूल 18 पर्यंतचं चालतं, एरवी लागणारं 25 वर्षांचं अंतर सावत्र पालकाला लागत नाही. मूल पाच वर्षांवरचं असेल तर त्याचीही संमती घेतात. ताब्याचा दावा चालू असेल तर तो संपेपर्यंत अर्ज पुढे जात नाही. संमतीचा प्रश्न इथेही आहे, पण इथे आदेश देणाऱ्यापुढे वडिलांचा शोध घेतल्याचा पुरावा ठेवता येतो. तो पुरेसा मानला जाईलच, अशी खात्री कोणीच देऊ नये. सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचे आदेश देण्याचं काम न्यायालयांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं, पण जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने न्यायालयांतली प्रकरणं तिथेच राहिली. म्हणून अर्ज कुठे चालेल हे आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा.

शोधाचा पुरावा म्हणजे काय? शेवटचा माहीत असलेला पत्ता, त्याच्या आईवडिलांचं घर, शेवटची नोकरी, तिन्हीकडे पोच मिळेल अशा टपालाने पत्र. परत आलेलं पाकीट फोडू नका. त्यावरचा टपाल खात्याचा शेरा हाच पुरावा. पोटगी वसुलीचा अर्ज केला असेल तर बेलिफाच्या (कोर्टाची नोटीस पोचवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) अहवालाची प्रमाणित प्रत काढा. वर्तमानपत्रातली नोटीस न्यायालयाची परवानगी घेऊन, तो शेवटचा जिथे राहत होता त्या भागात खपणाऱ्या पत्रात द्यायची. लोक आधीच आपल्या गावच्या पेपरात देऊन मोकळे होतात आणि ते पैसे वाया जातात. सात वर्षं काहीच खबर नसेल तर मृत्यूचं अनुमान मागता येतं, पण त्याच्या बहिणीला त्याचा फोन येत असेल तर ते टिकणार नाही.

तो सापडला आणि नाहीच म्हणाला, तर 1956 च्या कायद्याखाली दत्तक होणार नाही. तरी रोजची कामं अडू देऊ नका. वडील प्रत्यक्षात नसतील किंवा बेफिकीर असतील तर आईच नैसर्गिक पालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्येच सांगितलं आहे. पासपोर्टच्या अर्जात एकाच पालकाचं नाव चालतं. दुसऱ्याची संमती मिळत नसेल तर त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र आहे. आणि सावत्र वडिलांना दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र आजच करायला सांगा. त्याला कोणाचीही संमती लागत नाही, आणि दत्तकाचं काम अर्धवट राहिलं तरी मुलीचं नुकसान टळतं.

जन्मदात्याच्या घरी शेती असेल तर आधी सातबारा काढा. वैध दत्तकानंतर तिचा त्या घराशी कायदेशीर संबंध संपतो: आधीच तिच्या नावे झालेलं तिचंच राहतं, पण पुढे वडिलांकडून वारसा येत नाही. वडिलोपार्जित जमिनीतल्या तिच्या हिश्श्याबद्दल सही करण्यापूर्वी वकिलाचं मत लेखी घ्या.